पाडव्याचा पतंग

अण्णा,

परवा दिवाळीच्या पाडव्याला मी गच्चीवर जाऊन पतंग उडवला. मांज्यानं तर्जनी चिरली आहे, त्यामुळे अक्षर तिरपं येतंय. तुम्हाला तिरपं अक्षर खपायचं नाही, पण आज चालवून घ्यावं लागेल, कारण मी आता एकसष्ट वर्षांची आहे आणि तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. तुमचे जावईही गेले. मलिहाबादचे आंबे बाजारात यायच्या आधीच, वैशाखात, झोपेतच गेले; कुणाला त्रास न देता, आयुष्यभर वागले तसेच. म्हणजे घरात वर्षसुद्धा सरलेलं नाही, सण करायचा नाही, तळणीची कढई ठेवायची नाही, आणि घरची बाई गच्चीवर उभी राहून पतंग उडवते! महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना वर्षभर विषय पुरेल. पुरू दे.

आपण लखनौला आलो ते पहिलं वर्ष मला आठवतंय. हवाई दलातून निवृत्त होऊन तुम्ही अमौसीच्या विमानतळावर विमानांच्या इंजिनांवर काम करायला लागलात आणि आलमबागेत दोन खोल्या घेतल्यात. संक्रांत आली. आपण येवल्याचे, येवल्याच्या माणसानं संक्रांतीला पतंग उडवला नाही तर त्याला तिळगूळ पचत नाही. तुम्ही गावाहून आणलेली आसारी काढलीत, बांबूच्या कामट्यांची ती भलीमोठी फिरकी, आणि मला घेऊन गच्चीवर आलात. बाहेर धुकं असं की जिन्याचं दार दिसेना. आभाळात दुसरा एकही पतंग नाही. शेजारचे मास्टरजी शाल गुंडाळून कुतूहलानं बघायला आले. "अरे भाई साहब, आज तो खिचड़ी है. पतंग तो जमघट पे उड़ती है, दिवाली के अगले दिन. आज कौन उड़ाता है?" संक्रांतीला इथले लोक खिचड़ी म्हणतात. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हम उड़ाते हैं." मला हसू आवरेना. तुम्ही दोरा माझ्या हातात दिलात. पतंग दिसत नव्हता, नुसता बोटाला ओढत होता. मी नऊ वर्षांची होते आणि त्या ओढीनं मला इतका आनंद झाला की मी ओरडत सुटले. मास्टरजींनी सगळ्या मोहल्ल्याला ती गोष्ट सांगितली आणि आपलं घर 'खिचड़ी में पतंग वाले' म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

मग जमघट कळला. इथल्या लोकांचा जमघट आणि आपला पाडवा, दोन्ही एकाच दिवशी. सकाळी आपल्याकडे तेल, उटणं, आंघोळ, पाटाभोवती रांगोळी. आई तुम्हाला ओवाळणार, मग मी ओवाळणार. आणि डोक्यावर, गच्च्यागच्च्यांतून, सकाळी सातपासून आरडाओरडा. मी तेरा वर्षांची होते त्या पाडव्याला तुमची दहाची ड्यूटी होती. मी म्हटलं, फक्त वारा बघून येते. वर गेले तर पलीकडच्या गच्चीवरचा एक लाल पतंग मस्ती करत होता. मी आपला वर चढवला. पेच लागला. खालून तुमच्या तीन हाका आल्या आणि मी तिन्ही ऐकल्या. चौथ्या वेळी तुम्हीच आलात. ओले केस, कपाळावर आईनं लावलेलं कुंकू, अंगात नवी बंडी. तुम्ही माझ्या हातातला दोरा तोडलात आणि म्हणालात, "बापाला ओवाळायला वेळ नाही, कागदाला झोके द्यायला आहे. खाली ये." सहा गच्च्यांवरचे लोक बघत होते. कुणीतरी ओरडलं, "बिटिया की तो घर में ही कट गई!" आणि सगळे हसले. मी खाली येऊन तुम्हाला ओवाळलं. तुमच्याकडे बघितलं मात्र नाही. ओवाळणीत घातलेल्या फ्रॉकच्या कापडाला हातही लावला नाही.

त्यानंतर मी पतंगाला शिवले नाही. बँकेत नोकरी केली, लग्न याच गावात झालं, दर पाडव्याला तुमच्याकडे येऊन तुम्हाला ओवाळलं, घरी येऊन यांना ओवाळलं. ओवाळून झालं की हे वर बोट दाखवायचे. "जा की गच्चीवर. कोण अडवतंय?" मी म्हणायचे, अण्णांना आवडत नाही. तुम्ही गेल्यावर मी म्हणायला लागले, अण्णांना आवडायचं नाही. फार सोयीचं उत्तर होतं ते. बँकेतल्या मैत्रिणी सहलीला निघाल्या, पोहायचा क्लास निघाला, सगळीकडे मी तेच वाक्य चालवलं. आणि खरं काय ते तुम्हाला माहीत आहे. पुढच्याच वर्षी, पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, तुम्ही जिन्यातल्या खुंटीला दोन नवे पतंग अडकवून ठेवले होते, दोऱ्या बांधून तयार. मी ते बघितले आणि बघितले नाहीत असं केलं. आठवडाभर ते तिथे लटकत राहिले, मग आईनं उतरवून कुणाला तरी दिले. तुमचा राग एका सकाळचा होता, अण्णा. माझा अठ्ठेचाळीस वर्षं टिकला. नाकावर राग ही तुमचीच देणगी, पण मुद्दल मी फार वाढवलं.

दिवाळीच्या महिनाभर आधी तुमच्या नातवाचा, म्हणजे माझ्या लेकाचा, पुण्याहून फोन आला. त्याला मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र हिंदीच. लखनौनं घडवलाय त्याला.

"आई, इस बार दिवाली यहाँ कर ले ना, यार. पाडवा के दिन तू वहाँ अकेली बैठ के रोएगी."

"नाही रडणार."

"अच्छा? तो क्या करेगी?"

"पतंग उडवणार," मी म्हटलं. ठरवलेलं काही नव्हतं. तोंडातून निघालं.

तो सुरूच झाला. गुडघ्याचं ऑपरेशन, गच्चीचा बुटका कठडा, लोग क्या कहेंगे. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! पण तो चुकीचं बोलत नव्हता. पाडवा म्हणजे नवऱ्याला ओवाळायचा दिवस. रिकाम्या पाटासमोर मी खरंच रडले असते. आणि मला आतून पक्कं ठाऊक होतं, की हा पहिला पाडवा जसा जाईल तसेच पुढचे सगळे जातील. देवानं अजून किती ठेवलेत ते त्याला ठाऊक. ते सगळे डोळे पुसत काढायचे का, एवढाच प्रश्न होता. मी फोन ठेवला आणि चप्पल घातली.

जुन्या शहरातल्या एका दुकानात छतापासून जमिनीपर्यंत पतंगच पतंग. म्हातारे दुकानदार चष्म्यावरून बघत अदबीनं म्हणाले, "पोते के लिए चाहिए होगी?"

"नहीं, मेरे लिए."

त्यांनी चष्मा काढला. "तब तो खेल की बात नहीं है," म्हणाले आणि हातातला पतंग बाजूला ठेवून दुसरा गठ्ठा उघडला. "हाथ कब का छूटा हुआ है?" मी सांगितलं. ते हसले नाहीत. "एक महीना है. रोज़ आधा घंटा. मांझा सूती लीजिएगा, और उँगली पे पट्टी बाँध के." डॉक्टरांनीसुद्धा इतक्या गांभीर्यानं कधी पथ्य सांगितलं नव्हतं.

रोज चार वाजता मी जिना चढले. एकेक पायरी, आधी बरा पाय, मग दुखरा. पहिले चार दिवस पतंग कठड्याच्या वर गेला नाही. पाचव्या दिवशी विजेच्या तारेत अडकला. आठव्या दिवशी मी दोऱ्याच्या गुंत्यात पाय अडकून बसकण मारली आणि तिथेच बसून तुम्हाला, लेकाला आणि वाऱ्याला एकेक शिवी हासडली. नवव्या दिवशी गेले नाही. दहाव्या दिवशी स्वतःचीच लाज वाटून पुन्हा गेले. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी मनगटाला आपोआप आठवलं, कधी सोडायचं आणि कधी खेचायचं. मला नव्हतं आठवत, मनगटाला आठवत होतं.

परवा सकाळी तेल लावून न्हाले. यांच्या फोटोपुढे दिवा लावला, पाट मांडला नाही. आठ वाजता वर गेले. साडेनऊला काकू आल्या, मंडळातल्या, आईच्या मैत्रिणीच्या धाकट्या जाऊ. आपल्याकडे कढई नाही म्हणून फराळाचा डबा घेऊन, माझ्याजवळ बसायला म्हणून. दार उघडं बघून धापा टाकत गच्चीपर्यंत आल्या आणि चौकटीतच थबकल्या.

"अगं, मी तुझे डोळे पुसायला आले आणि तू हे काय करतेस?"

"पतंग उडवतेय, काकू."

"साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही. निदान वर्ष तरी होऊ द्यायचं होतंस."

"वर्षानं माझे गुडघेही एका वर्षानं म्हातारे होतील. बसा ना, पलीकडे खुर्ची आहे."

त्या बसल्या नाहीत. डबा कठड्यावर ठेवला, थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गेल्या. पूर्वी मी धावत मागे गेले असते, हात धरला असता, समजूत घातली असती. या वेळी गेले नाही, कारण उजवीकडून एक काळा पतंग माझ्यावर चालून येत होता. मी ढील दिली. भराभर दोरा जात राहिला, बोट चिरलं, आणि मग मी खेचलं. काळा पतंग डोलत खाली गेला. पलीकडच्या गच्चीवरून आरोळी आली, "वो काटा! आंटी जी ने काटा!" मी ओरडले, अण्णा. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण खालची भाडेकरीण घाबरून वर आली. अर्ध्या तासानं माझाही कटला. दुसरा बांधला. पुढच्या वर्षीसाठी दुकानदारांना आजच फोनवर दोन डझन सांगून ठेवलेत, आणि पुण्याला कळवलंय की दिवाळीला यायचं असेल तर तुम्ही इकडे या.

हे पत्र तुम्हाला वाचून दाखवायचं म्हणून सकाळपासून लिहितेय, तुमच्या तसबिरीसमोर बसून. पण इथवर आले आणि आता दाखवायला धजत नाही. बायका काय म्हणतील, काकू काय म्हणाल्या, त्याचं काही नाही. पण एक गोष्ट राहिली. तो काळा पतंग कटला तेव्हापासून मी खाली उतरेपर्यंत, म्हणजे चांगला तासभर, मला यांची आठवण आली नाही. आणि तुमचीही नाही.