उभ्यानं झोपणारी बाहुली

ता. ११, सोमवार

प्रिय मावशी,

नमस्कार. आम्ही मजेत आहोत, तूही असशील. तुझं नि आईचं भांडण झाल्यापासून घरात तुझं नाव काढायची सोय नाही. तरी लिहितेय.

आईच्या बाहुल्या दुरुस्तीच्या दुकानात भूत शिरलंय. नवे डोळे बसवून दिलेली बाहुली परत आली. आडवी केली की टक्क बघते, उभी केली की झोपते. गिऱ्हाईक बाई तिला दारातच टेकवून पळाल्या. मग दुसरी आली, तिसरी आली. आई म्हणाली, "हल्ली डोळेच खराब मिळतात."

टिल्ल्याचा, म्हणजे तुझ्या भाच्याचा, समोरच्या घड्याळवाल्यावर संशय. पुरावा काय, तर त्याच्या मिशा. मी एक बाहुली उघडली. डोळ्यांची उघडझाप करणारा, डोळ्यामागचा शिशाचा गोळा खाली हवा, तो वर होता. कुणीतरी डोळे उलटे बसवत होतं.

चोर पकडायला आम्ही दुपारी आईच्या टेबलाखाली दबा धरला. टिल्ल्याकडे छत्री होती. घड्याळवाला आलाच नाही. आई आली. चिमटा तिच्या समोरच होता, तरी ती टेबलभर हात फिरवत राहिली. मग बाहुलीचं डोकं मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत डोळे बसवू लागली. मानेतून विजेरीनं बघितल्याशिवाय डोळा चिकटवायचा नाही, हा नियम तिचाच. विजेरी तिनं पेटवलीच नाही.

टिल्ल्या शिंकला. आई वाकली, थेट त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "कोण आहे?" त्याला वाटलं, आई खेळतेय. तो म्यांव म्हणाला. "शुक शुक," करत तिनं त्याला पायानं ढकललं. तो नंतर पोट धरून हसला. मी फार घाबरले.

विचारलं तर म्हणते, चष्म्याचा नंबर वाढलाय. डॉक्टर म्हटलं की अंगावर येते. तू डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहेस. तू आलीस तर निदान भांडता भांडता तरी तुझ्याबरोबर येईल.

मावशी, आईला दिसत नाही.

हे मी तिच्या शेजारीच बसून लिहिलं. लपावं लागलं नाही. वरची ओळ मुद्दाम मोठ्या, ठळक अक्षरात काढली आणि वही तिच्यापुढे सरकवली. तिनं वाकून पाहिलं. म्हणाली, "निबंध का? अक्षर सुधारलंय हं तुझं."

पत्र मिळताच निघ.

तुझी,
भाची