कानात न पडलेलं नाव

तीर्थपुरी,
मंगळवार, १८ मार्च २०२५

प्रिय महेमूद,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. परभणीला ऊन तापलं असेल, त्यात तुझे रोजे. मुजाहिदच्या घरी करमून राह्यलं का? इथं लिंबाला मोहोर आलाय. शाळेच्या पटांगणातला तो मोठा लिंब तोडला, पण त्या वासानं माझ्यापुरता अजून राधेश्याम मास्तरांचा तास भरतो. आपण दोघं एका बाकावर, आणि अख्खा वर्ग चालीत कविता म्हणतोय. असलं फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्र.

पिल्लाचंही फोनवर नीट सांगता आलं नाही.

भाभी गेल्या, त्यांचा चाळिसावा उरकून तू लेकाकडे निघालास, तेव्हा त्यांच्याच ओढणीत गुंडाळून ते मांजराचं पिल्लू माझ्या हाती दिलंस. म्हणालास, "अजीजुन्निसानं कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवलंय. नाव तेवढं ठेवायचं राह्यलं. तू ठेव, तू कवितावाला."

घरी आल्या आल्या ते कपाटाखाली शिरलं. आठ दिवस नुसते डोळे दिसायचे. आमचा लेक भागवत म्हणायचा, "अण्णा, मांजर पाळलं का भाडेकरू ठेवला? तोंडच दाखवत न्हाई!" मी फरशीवर आडवा होऊन, त्याच्याकडे न बघता, आपली तिसरीतली नदीची कविता म्हणायचो. तिसऱ्या कडव्याला ते एक पाऊल बाहेर टाकी. रोज तिसऱ्याच कडव्याला! घरातल्यांचा वास ओळखीचा व्हावा म्हणून भागवतचं बनियन आणि सुनेचं, सुमेधाचं, जुनं पातळ कपाटापाशी पसरून ठेवलं. एका सकाळी त्यानं सुमेधाच्या बोटावरचं दूध चाटलं. गॅसवर भाजी करपत होती. मी उठायला गेलो तर सूनबाई पुटपुटली, "करपू द्या, अण्णा. बिलकुल हलू नका." त्या दिवशी आम्ही करपलेली वांगी खाल्ली आणि भागवतनं ब्रसुद्धा काढला नाही.

तिथंच थांबायला हवं होतं.

पण तू म्हणालास, ईदला येतो, पिल्लाला बघतो. मला वाटलं, नाव घेताच ते तुझ्याकडे धावत यावं. म्हणून मी त्याचं बारसं मांडलं. हसू नकोस. माळ्यावरचा पाळणा काढला, घुगऱ्या शिजवायला लावल्या. आत्या म्हणून जांब समर्थहून माझी बहीण बेबीनंदा आली. गल्लीतल्या बाया जमल्या.

"एवढी माणसं कशाला, अण्णा? ते घाबरंल," सुमेधा म्हणाली.

"लेकराचं बारसं कुठं गुपचूप होतं का?" मी म्हणालो.

पिल्लाला कपाटाखालून मीच ओढून काढलं. भाभींच्या ओढणीत घट्ट गुंडाळून पाळण्यात धरलं. बेबीनंदा त्याच्या कानाशी वाकून "कुर्र" म्हणाली, आणि रीतीप्रमाणे बायांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. "अगं, मेले की मी!" ती हसत ओरडली. सगळ्या हसल्या. माझ्या हातात ते थरथरत होतं. मला कळत होतं रे. तरी सोडलं नाही. नाव तेवढं कानात पडू दे, म्हणालो.

त्यानं माझं मनगट ओरबाडलं, ओढणी फाडली आणि दारातून गेलं. नाव उच्चारलंच गेलं नाही.

याला आज दहा दिवस झाले.

पहिले चार दिवस ते तुझ्या बंद घराच्या पत्र्यावर दिसायचं. खाली पायरीवर वाटी ठेवून मी बसायचो. मंग दिसेनासं झालं. शुक्रवारी तू फोनवर विचारलंस आणि मी "मांडीवर झोपलंय" म्हणालो, तेव्हा तुझ्याच पायरीवर बसलेलो होतो. वाटीतल्या दुधात मुंग्या झाल्या होत्या. भागवतनं मोटरसायकलवर बाजारापर्यंत शोधलं. आता तोही विषय काढत नाही.

हाक मारावी तर नाव नाही. म्हणून तुझ्या दारात उभा राहून कविता म्हणतो. दोन कडवी होतात आणि पुढं काही येतच नाही. साठ वर्षं पाठ होती. वर्गात मी अडलो की तू शेजारून हळूच पुटपुटायचास. आता लिहून पाठवू नकोस. ऐकायला तिथं कुणी नाही.

ईदला ये मात्र. ओढणी मी धुऊ दिलेली नाही, पिल्लाचे केस आहेत तिच्यावर. तेवढीच तुझ्या हाती देता येईल.

तिसरं कडवं विसरलेला,
रामप्रसाद