हसनभाईंच्या सौजन्याने

६ नोव्हेंबर १९९८, रोहा
या शुक्रवारचा ई-मेल अंक गेला. टायपिंग क्लास उघडायच्या आधी कॉम्प्युटरवरून मुंबईला फोन जोडून पाठवते, तेव्हा लाइन जरा मोकळी असते. दोनदा तुटली. मग गेला. मस्कत, दोहा, कुवेत... रोहा-पेणकडची जी माणसं तिकडे ऑफिसात ई-मेल बघू शकतात, त्या सगळ्यांना. इकडची खबर रोमन अक्षरांत, पण मराठीत. एक जण वाचतो, छापून चौघांना देतो.
वर नेहमीच्या दोन ओळी. ‘हे पत्र हसनभाईंच्या तिकीट एजन्सीच्या सौजन्याने. अष्टमी, पुलाजवळ.’ या दोन ओळींच्या पैशांत फोनचं बिल निघतं, वर थोडं उरतं. यांचं म्हणणं, टायपिंग क्लासपेक्षा हे बरं चाललंय. असेल.

९ नोव्हें.
हसनभाईंची आई गेली. पहाटे. दुपारी पूल ओलांडून अष्टमीला जाऊन आले. दफन होऊन गेलं होतं. बायकांत थोडा वेळ बसले. निघताना हसनभाई दारापर्यंत आले.
“वैनी, शुक्रवारी हे टाकू नका. इरफानला सांगितलं नाय.”
इरफान त्यांचा धाकटा भाऊ. मस्कतला नुकताच लागलाय. पत्र न चुकता वाचतो.
“कलला तर सगला टाकून येल. मयत तर झाली. परत कोन घेनार त्याला कामावर?”
“बघते,” म्हटलं. म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं नाही. मलाही सांगता आलं नसतं.

१२ नोव्हें.
अंक जुळवतेय. ‘निधन’ लोक सगळ्यात आधी वाचतात, तसं लिहूनही कळवतात. आजवर कुणाचं नाव मुद्दाम गाळलेलं नाही.
यांना विचारलं. “त्यांच्या घरचा मामला. नको म्हणतोय तर नको टाकू.”
“दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर?”
“तर काय?” जेवत राहिले. सेकंड शिफ्ट होती, दमलेले.

१३ नोव्हें.
अंक गेला. निधनात दोन नावं, एक गडबचं, एक वरसेचं. अष्टमीचं नाही. वर त्या दोन ओळी.

१७ नोव्हें.
इरफानची मेल.
‘वैनी, घरी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सांगतात आई झोपलीय. एवढी कशी झोपते? तुम्ही अष्टमीला जाता ना, जरा बघून या आणि मला लिहा. तुमच्या पत्रात काही आलं नाही, म्हणजे बरी असेल.’
शेवटचं वाक्य परत वाचलं. कॉम्प्युटर बंद केला. मुली आल्या होत्या, त्यांची बॅच घेतली.

१९ नोव्हें.
एस.टी.ने पेणला. आणखी कुणी सौजन्य देतं का बघायला. सुलभाताईंकडे गेले, त्यांचा पापडांचा धंदा.
“कॉम्प्युटरवर पापड दिसतो काय गो?”
“नाही. तुमचं नाव दिसेल.”
“नाव वाचून काय करतील ती? सुट्टीवर आली की दुकानात येतातच. मग मी कशाला पैसे देऊ?”
निघायला उठले. त्यांनी पोह्याच्या पापडांचं पुडकं हातात दिलं, पैसे घेतले नाहीत.
परतताना खिडकीशी बसून विचार. दुसरं कुणी मिळालं असतं, तरी हसनभाईंच्या आईचं नाव मी गाळलं असतं? बहुतेक हो. पण कशासाठी गाळलं, ते तरी मला कळलं असतं.

२० नोव्हें.
अंक पाठवला नाही. यांना सांगितलं, लाइन नाही. लाइन होती.

२१ नोव्हें.
हसनभाईंच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. उभ्यानंच सांगितलं.
“इरफाननं मलाच विचारलंय, आई कशी आहे. अंकात टाकायचं नाही तर नाही टाकत. पण त्याला खोटं लिहिणार नाही. आज तुम्ही सांगा, नाहीतर उद्या मी लिहिते.”
“वैनी, मी तुमच्या पत्राला एवढा...” म्हणाले आणि थांबले. मान खाली. मग, “नाय. ता नव्हता बोलायचा मला.”
फोन ओढला. नंबर लावताना चुकले, परत लावला. मी निघाले तर हातानंच बसायची खूण केली. पलीकडे इरफान आला असावा. हसनभाई नुसते “हां, हां” करत होते. जेवलास काय, विचारलं. मग “आई गेली रे” एवढंच.
नंतर बराच वेळ ऐकत होते.
“व्हय. मीच सांगितला सगल्यांना, कलवू नका. व्हय. चुकला माझा.”
फोन तिकडून ठेवला गेला असावा, कारण हसनभाई रिसीव्हर हातात धरूनच बसले. मी उठले. पुलावरून चालत घरी.

२७ नोव्हें.
अंक गेला. निधनात हसनभाईंच्या आईंचं नाव घातलं, गेल्याच्या तारखेसकट. तारखेवरून सगळ्यांना कळेल की उशिरा आलंय. कळू दे.
वरच्या दोन ओळी ठेवू की काढू... विचारायला गेले नाही. ठेवल्या.

१ डिसें.
हसनभाईंची बायको शमीम बाजारात भेटली. इरफान आलेला नाही. भावाचा फोन घेत नाही. तिच्याशी बोलतो, पण फक्त आईचं विचारतो. शेवटी काय खाल्लं, कुणाचं नाव घेतलं. “माझा घेतला काय, विचारतो. मी व्हय म्हणते.”
घेतलं होतं का, मी विचारलं नाही.
इरफानची मला मेल नाही. मीही लिहिलेलं नाही.

३ डिसें.
शमीम क्लासवर आली. हातात पाकीट, या महिन्याच्या सौजन्याचं. हसनभाईंचा निरोप: “वैनींना सांग, पैसे ठेवा, पन आमचा नाव आता वर नको.”
“का?” म्हटलं.
“मला नाय सांगितला गो.”
राग आहे, की लाज, की इरफानला ते नाव दिसू नये म्हणून? तिला पाकीट परत ने म्हटलं, तिनं टेबलावर ठेवलं आणि गेली.
उद्याचा अंक जुळवून झालाय. वरची जागा तेवढी राहिली. ‘हे पत्र’ इतकंच टाइप केलंय.