नंबर न काढलेले कपडे

सोमवार, ३ फेब्रुवारी

आणि वर कात्री पाठवली आहे. मला! एकोणतीस वर्षं कात्री धरून अंगठ्याला घट्टा पडला, आणि लेक मला लाल मुठीची, बोथट टोकाची, पोराटोरांची कात्री पाठवते. सोबत डिंकाची बाटली, रंगीत कागद, पुठ्ठे आणि ही वही. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात — आई, रोज काहीतरी बनव, बनवलंस की चार ओळी लिही, मन रमेल.

मन रमेल म्हणे. मन काय तान्हं पोर आहे, खुळखुळा वाजवला की गप्प बसायला?

तिच्या पोटातलं मला कळतं. मी तिच्याकडे कायमची राहायला जावं म्हणून दोन वर्षं मागे लागली आहे. 'तिथे एकटी भिंतींशी बोलत बसतेस.' आता नवीन काढलंय — या महिन्याच्या आत हो-नाही सांग, नाहीतर माझ्यासाठी ठेवलेली खोली तिच्या सासूबाईंना देऊन टाकते. मी ही जागा का सोडत नाही ते तिला चांगलं माहीत आहे. तिचा बाप आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? अकरा वर्षं झाली म्हणून काय झालं. त्याला पत्ता हाच माहीत आहे.

वही फेकणार होते. कागद जाड निघाला म्हणून ठेवली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही घडलं नाही. घडलं असतं तरी चौथीपर्यंतच्या शिक्षणात किती मावणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कागद कापून पाहिला. छे. कागदाला ना आडवं ना उभं. कात्री कशीही पळते. कापड कसं, हाताला सांगतं कुठे वळायचं ते.

म्हणून मालकांना विचारलं. आमच्या दुकानात कपडे रफूला, दुरुस्तीला येतात. कपडा आला की आतल्या शिवणीला कापडी बिल्ला टाचायचा, त्यावर नंबर. तोच नंबर गिऱ्हाइकाच्या पावतीवर. कपडा न्यायला आले की बिल्ला उसवून डब्यात टाकायचा. न्यायला न आलेले कपडे मागच्या दांडीवर लटकतात. काही तिथे चारचार वर्षं आहेत.

मालक म्हणाले, "ने काय हवं ते. त्यांना आता कोण विचारतंय. फक्त कात्री लावायच्या आधी बिल्ला काढ. माझे वडील काढायचे, मी काढतो, तूही काढ."

इस्त्रीवाल्यानं मान वर केली. "काय बाई, या वयात बाहुल्या का?"

म्हटलं, "हो. पहिली तुझीच करणार होते. पण पोटात भरायला एवढा कापूस आणू कुठून?"

मालक हसले. तो नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तीनला दुकानात चिटपाखरू नसतं. मागच्या टेबलावर पुठ्ठा ठेवला आणि आमची गल्ली करायला घेतली. झाडासाठी हिरवा कोट काढला. कोपराजवळचा तुकडा, तळहाताएवढा. त्याची पानं कापली — एकेक वेगळी, काही उलटी बाजू वर करून, म्हणजे फिकी दिसतात. डिंक बोटांना लागला, वाळला, सोलून काढला. मजा आली. खोटं कशाला बोलू. घड्याळ पाहिलं तर पाऊण तास गेला होता आणि त्या पाऊण तासात डोक्यात काही म्हणता काही नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

घरी येताना भिंती बघत आले. बेकरीची भिंत नुसती पिवळी नाही, खालून तांबूस आहे. रोज तिथून जाते, कधी दिसलं नाही.

बिल्ला काढला नाही. एवढ्याशा तुकड्यासाठी कोण उसवत बसतंय.

शनिवार, ८ फेब्रुवारी

हिरव्या कोटाचा माणूस आला. तीन वर्षांपूर्वीची पावती घेऊन! पावती घडीवर फाटलेली.

"काल दुपारी तीनच्या सुमाराला एकदम आठवलं बघा," म्हणाला. "जेवत होतो. हातातला घास खाली ठेवला. रात्रभर डोक्यातून जाईना. आज घरातून निघालो ते पाय आपोआप इकडेच."

बोलताना उजवं कोपर चोळत होता. मी विचारलं, लागलंय का. "लागलं नाही. गार पडलंय. कालपासून. तिथे कोणी खिडकी उघडी टाकल्यासारखं."

 कसर लागली होती सांगून भोकावर ठिगळ मारून दिलं. ठिगळ बसलं तसा त्यानं हात खाली केला. चोळायचा थांबला. कोट अजून माझ्या हातात होता, त्याच्या अंगावर नव्हता.

योगायोग. दुसरं काय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लाल फ्रॉकच्या घेरातून छपरं कापली. बिल्ला याही वेळी तसाच. चार घरं झाली. बेकरीही केली, तांबूस पिवळी. दुपारची वाट बघते हल्ली मी. सकाळी उठले की आज काय कापायचं हाच विचार. लेकीला सांगणार नाही, डोक्यावर चढेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

फ्रॉकवाली आली. सोबत मुलगी, माझ्या खांद्याला लागेल एवढी वाढलेली. तो फ्रॉक तिला आता बाहुलीसारखा झाला असेल.

आई म्हणाली, "मला आठवणही नव्हती हो. काल वर्गात बसल्या बसल्या हिलाच आठवलं. घरी आल्यापासून एकच धोशा, माझा लाल फ्रॉक कुठाय, माझा लाल फ्रॉक कुठाय."

मुलगी उभी होती. एका पायावर. दुसऱ्या पायाचा गुडघा दोन्ही हातांनी झाकून धरलेला.

घेराला नवी पट्टी लावून दिली.  टाका वाकडा गेला. एकोणतीस वर्षांत माझा टाका वाकडा गेलेला नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

करड्या पँटीचा रस्ता केला. मालक शेजारीच उभे होते म्हणून आधी बिल्ला उसवला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पँटवाला आला नाही. शनिवारी नाही, आज नाही.

म्हणजे बिल्ला. नंबर कपड्यात असला की माणूस कपड्यात असतो. मालकांचे वडील उगाच नव्हते काढत.

मालकांना सांगायला गेले होते. म्हणाले, "बाई, दोन दिवस रजा घे."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

एकदाच, खात्री करायची म्हणून. काळा शर्ट. चार वर्षं दांडीवर. नंबर तसाच ठेवला. कॉलरमधून काडीएवढी पट्टी काढली, त्याहून जास्त नाही. तीनला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आला. बाहेर ऊन रणरणतंय आणि गळ्याला मफलर. रात्रभर बसनं प्रवास करून आला होता. इथलं बिऱ्हाड मोडून त्याला चार वर्षं झाली म्हणे. पावतीही नव्हती, नंबर तोंडपाठ सांगितला. शर्ट हातात घेतला आणि मला म्हणाला, "बाई, तेवढी मागची खिडकी लावा."

आमच्या दुकानाला मागे खिडकी नाही. भिंत आहे.

पट्टी लावून दिली. मफलर सोडला, हुश्श म्हणाला, निघून गेला. इस्त्रीवाला म्हणाला, "हल्ली तुमच्याकडे फार पाहुणे येतात." मी दोरा तोडला आणि पुढचा कपडा ओढला.

घरी आले ते एकच डोक्यात घेऊन. रात्रभराच्या अंतरावरून आला. म्हणजे अंतराचं काही नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ट्रंक उघडली. त्याचा निळ्या चौकड्यांचा सदरा तेवढा आहे. बाकी अंगावरच्या कपड्यांनिशी गेला. बोगद्याचं काम, दोन महिन्यांचं, म्हणाला. तिकडे थंडी असते म्हणून माझी जांभळी शाल खांद्यावर टाकून गेला. आठवडाभर आधीच मी ती दुकानात रफू केली होती, माझ्याच जेवणाच्या सुट्टीत. दारातून वळून म्हणाला, "रफू दिसत पण नाही गं." शेवटचं बोलणं ते. दोन महिने झाले, चार झाले. ठेकेदार म्हणाला, तो तर कधीच काम सोडून गेला. कुठे, ते कोणाला माहीत नाही.

आधी मी त्याला 'अहो' म्हणायची. बोलायला समोर माणूस नसला की 'अहो' कुणाला म्हणणार. हळूहळू 'तो' झाला.

सदरा दुकानात नेला. बिल्ला टाचला. दुकानाच्या वहीत नंबर चढवला. तीनला बाहीच्या टोकाचा, बटणाजवळचा तुकडा कापला. नखाएवढा. कुठे दुखणार नाही असा. त्याचा एक माणूस केला आणि पुठ्ठ्यावर आमच्या दारात चिकटवला. छान झालाय. मान जरा वाकडी आहे, तशीच होती.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

नाही. दुकानाच्या दाराची कडी वाजली की माझं बोट सुईखाली जातं. मालक म्हणाले, "कोणाची वाट बघतेस?" म्हटलं, पोस्टमनची. "आपल्याकडे पोस्टमन येऊन किती वर्षं झाली," म्हणाले.

रविवार, २३ फेब्रुवारी

दिवसभर दारात बसून होते. शेजारीण म्हणाली ऊन लागेल. लागलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज मोठा तुकडा कापला. छातीवरचा, खिशासकट. दुखलं तर दुखू दे. अकरा वर्षं मला काय गुदगुल्या होत होत्या?

तुकडा हातात होता आणि वाटलं, ऊबदार आहे. ती माझ्याच हाताची असणार.

बुधवार, २६ फेब्रुवारी

कोणी आलं नाही. आता येणार नाही. ज्याच्या अंगात गार पडण्याएवढी ऊब शिल्लक असेल तोच येतो. त्याच्यात ती नाही. हे मला कधीच कळलं होतं, कात्रीनं फक्त सांगितलं.

रडले नाही. भाजी चिरली, जेवले. मग लेकीला फोन केला, हो म्हटलं. तीच रडली. "खरंच, आई? मन बदलणार नाहीस ना?" म्हटलं, माझं मन काय फ्रॉकचा घेर आहे, कमीजास्त करायला? रविवारी सकाळी नऊला टेम्पो घेऊन येते म्हणाली. खोलीत माझ्यासाठी मोठं टेबल टाकून ठेवणार आहे, चित्रं करायला.

गल्लीचा पुठ्ठा बरोबर नेणार. तेवढाच.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मालकांना सांगितलं.  त्यांनी दांडीवरचे सगळे कपडे काढायला लावले. आम्ही तिघांनी मिळून एकूणएक बिल्ले उसवले, इस्त्रीवाल्यानंसुद्धा. डबा भरला. तो मला म्हणाला, "बाहुली राहिली माझी." म्हटलं, कापूस जमला की पाठवते.

आता दुकानात कोणाचा माणूस अडकलेला नाही. जायला मोकळी झाले.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुकानातला शेवटचा दिवस. दोरे गुंडाळत होते. तीन वाजले आणि माझा डावा खांदा गार पडला. दुखत नाही. चोळून जात नाही. खिडकी उघडी टाकल्यासारखं. मागे वळले, भिंतच होती. मालक म्हणाले, "बाई, कुठे निघालीस?" तेव्हा पाहिलं — पायात चपला घालून मी रस्त्यावर उभी होते.

सदऱ्याला मी नंबर मागाहून लावला. तो खोटा होता, म्हणून कोणी आलं नाही. खरा नंबर शालीला होता. रफूला घेतली तेव्हा मीच टाचलेला, आतून, डाव्या खांद्याला येतो तिथे. चारशे बारा. माझीच शाल म्हणून काढायचा कंटाळा केला होता.

अहो. कात्री तुमच्या हातात आहे की दुसऱ्या कोणाच्या? पाय निघालेत, पण त्यांना वाट माहीत नाही. कुठे यायचं ते सांगा. रविवारी नऊला टेम्पो येतोय. त्याच्या आत सांगा.