विक्कीच्या पाठीवरचे वळ

यवतमाळ
सोमवार, ६ जानेवारी २०२५

रुपी,

माझा जयभीम घे, आणि भीमसिंगदादाला माझ्याकडून जय सेवालाल सांग. भावाच्या घरी बाभुळगावला तू बरी असशील असं लिहिणार होते, पण बरी कशी असशील? दोन घास जेवत असशील एवढंच धरून चालते.

तुझा फोन बंद लागतो. नंबर बदललास ते बरंच केलंस. माझ्याच फोनवर कोण कोण तुझा पत्ता विचारतं, मी सांगत नाही. म्हणून हे पत्र. मोठ्या अक्षरात लिहिते आहे, तुला चष्मा लागला तरी तू तो लावत नाहीस हे माहीत आहे.

नयन घरी आला. आतडं शिवलं आहे, डॉक्टर म्हणाले जीवाचा धोका टळला. पेज पितो, भिंतीकडे तोंड करून झोपतो. खुशी शाळेतून आली की भावाजवळ बसून पुस्तक वाचते, तो ऐकतो की नाही कोण जाणे. श्रावण पंधरा दिवस एसटीच्या ड्युटीवर गेले नाहीत, आता गेले.

अंगणवाडीत तुझ्या जागी अजून कोणी आलं नाही. खिचडी मीच टाकते, मीच लेकरांचे हात धुते, मीच वजन घेते. लहान पोरं विचारतात, "रुपीमावशी कुठं गेली?" मी म्हणते, गावाला. काल एकानं विचारलं, "तिच्या घराले दगड काहून मारले?" मी त्याच्या ताटात खिचडी वाढली.

तुझ्या घराचं सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. समोरचे दोन पत्रे फुटले, दाराला काही झालं नाही. दगड मारणाऱ्यांत बाहेरची होती तशी आपल्या गल्लीतलीही होती. मी तेव्हा दवाखान्यात होते. असते तर काय केलं असतं, याचा विचार करते.

२६ डिसेंबरचा मोर्चा तू टीव्हीवर पाहिला असशील. दुकानं बंद, हजारो माणसं. मोर्चा काढणारे पुंडलिकराव सर्वांत पुढे होते, बाजार लाईनचे व्यापारी त्यांच्या मागे. 'गुंड पोट्ट्यांची धिंड काढा', 'घरं पाडा', 'मोठ्या माणसांसारखा खटला चालवा.' माझ्या हातात नयनचा फोटो दिला होता. मी पहिल्या रांगेत होते. घोषणा दिल्या नाहीत, घसा बसला होता.

तुझ्यावर माझा राग आहे का, असं तुला वाटत असेल. रुपी, रागापेक्षा मला प्रश्नच जास्त पडतात. तुझा विक्की, सतरा वर्षांचं पोरगं, ज्याला आपण दोघींनी एकाच ताटात नयनसोबत भरवलं, ते नयनवरच सुरी घेऊन येतं. पोलीस म्हणतात, तो दोन वर्षांपासून चौकातल्या गुंड पोरांच्या ग्रुपमध्ये होता. तुला कधी वाटलं? घरी कसा वागायचा? रात्री उठायचा का? कोणाला भ्यायचा का? आपण दोघींनी घरोघर किती सर्वे केले, माणसं किती, संडास आहे का, गरोदर कोणी आहे का. पोरगा कोणाला भितो, हा रकाना कोणत्याच रजिस्टरात नव्हता.

आणि एक विचारते. डिसेंबरच्या सुरुवातीला विक्कीच्या पाठीवर वळ होते का? आठवून लिही.

तुझी,
सत्यशीला


यवतमाळ
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

रुपी,

संक्रांतीचा दिवस आहे. तीळगूळ पाठवायची हिंमत झाली नाही.

तुझी चिठ्ठी मिळाली. एवढीच ओळ: "हो, होते. कंबरेपर्यंत. गाडीवरून पडलो म्हणाला. तुला कसं माहीत?"

सांगते. पण आधी दुसरं सांगू दे, मला क्रमानंच सांगता येतं.

गेल्या आठवड्यात मी बबनरावच्या सलूनमध्ये गेले. बाई माणूस आत आली म्हणून खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीनं उठून उभा राहिला. मी म्हटलं, बसा, मी विचारायला आले आहे. चौकातली सगळी पोरं बबनरावकडे येतात, त्याला नाही तर कोणाला माहीत असणार?

"ताई, तुमाले नाही समजनार," तो म्हणाला. "केसात कानावर रेघ मारून मागतात. एक रेघ म्हंजे मैदानावरचा ग्रुप, दोन रेघा म्हंजे टाकीजवळचा. मी मारून देतो. नाही म्हन्लं तं काच फोडतात."

"भेटते काय पोराइले ग्रुपमध्ये?"

त्यानं कात्री खाली ठेवली. "भेटत काई नाही. मार भेटत नाही, हेच भेटते. एकट्या पोट्ट्याले कोनीबी ठोकते. मागं दहा जन असले की कोनी हात लावत नाही."

"विक्की किती दिवसांपासून रेघा मारून घेत होता?"

"किती दिवस? एकदाच, दोन रेघा. चार डिसेंबरले. त्या दिवशी माह्या पोरीचा वाढदिवस होता म्हनून ध्यानात आहे. त्याच्या आधी सादी कटिंग. खुर्चीत मागं टेकून बसत नव्हता. म्हन्लं, काहून रे? तं म्हने, पाठ दुखते."

मी घरी येईपर्यंत बोटं मोजत होते. चार डिसेंबरला तो ग्रुपमध्ये गेला. वीस डिसेंबरला सुरी चालवली. सोळा दिवस. दोन वर्षं कुठून आली, ते पोलिसांनाच ठाऊक.

परवा मंगल कार्यालयात नागरिकांची सभा होती. मला स्टेजवर बसवलं, शाल दिली. माईकवर माझं नाव घेतलं नाही, 'पीडित माता' म्हणाले. लोक चिडलेले आहेत रुपी, आणि चिडायचं कारण आहेच. एका बाईच्या पोरीला क्लासला जाता येत नाही. एका म्हाताऱ्याचं दुकान दोनदा फोडलं. हे खोटं नाही. मग उपाय सुरू झाले. मुंडन करून गावातून फिरवा. घरावर बुलडोझर घाला. प्रत्येक चौकात कॅमेरे लावा. मायबापाला आत टाका. प्रत्येक उपायाला टाळ्या. शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी म्हटलं, "मले फक्त एक विचारायचं आहे. इथं कोनाले माहीत आहे का, की पोट्टं पहिल्या दिवशी ग्रुपमध्ये काहून जाते?"

टाळ्या झाल्या नाहीत. मागून एक जण ओरडला, "ताई, आरोपीची बाजू घेऊन राह्यल्या का?" पुंडलिकरावांनी माईक घेतला आणि म्हणाले, आईचं मन आहे, धक्क्यात आहे. मग मला पाणी दिलं.

खाली पहिल्या रांगेत श्रावण बसले होते. त्यांनी मान खाली घातली होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तुले असं विचारायची काय गरज होती?" मी म्हटलं, उत्तर पाहिजे म्हणून. ते माझ्याकडे खूप वेळ पाहत राहिले. त्यांना संशय आला असेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलं नाही, हे मला दिसतं आहे. दोनदा लिहिलं, दोनदा कागद फाडला. थोडी थांब. तुझ्याकडे मागायची माझी लायकी नाही, तरी थांब.

सत्यशीला


यवतमाळ
सोमवार, २० जानेवारी २०२५

रुपी,

आज खुशालीचं काही विचारत नाही. सरळ सांगते.

२४ डिसेंबरला नयन दवाखान्यात अतिदक्षता विभागात होता. त्याचा फोन माझ्या पिशवीत होता. सारखा वाजत होता, म्हणून उघडला. कुलूप काढताना त्याचं बोट काचेवर कसं फिरतं ते रोज पाहून मला पाठ होतं. मित्रांना निरोप लिहावा म्हणून उघडला, आणि फोटो पाहत बसले. पोरगा वाचतो की नाही माहीत नव्हतं, मला त्याचा चेहरा पाहायचा होता.

त्यात दोन डिसेंबरचा व्हिडिओ होता.

मैदान आहे. दुपारचं ऊन. विक्की गुडघ्यावर बसला आहे, शर्ट काढलेला, दोन्ही हातांनी कान धरलेले. चारपाच पोरं भोवती हसत आहेत. एकाच्या हातात पट्टा आहे. पट्टा मारणारा नयन आहे. माझा नयन.

तो म्हणतो, "म्हन, माही माय पोट्ट्याइचे शेंबूड पुसते." विक्की बोलत नाही. पट्टा पडतो. पुन्हा, "म्हन." चौथ्या वेळी विक्की म्हणतो. मग तो रडतो, आणि सगळे अजून हसतात. हा व्हिडिओ त्यांनी ग्रुपवर टाकला होता. किती जणांनी पाहिला कोण जाणे. तू आणि मी सोडून सगळ्यांनी.

मी तो पुसून टाकला. विचार केला नाही, बोटानंच केलं. आणि दोन दिवसांनी नयनचा फोटो छातीशी धरून मोर्चाच्या पहिल्या रांगेत चालले. घसा बसला होता असं तुला लिहिलं. घसा चांगला होता माझा.

पुसलेलं तीस दिवस फोनमध्येच राहतं, मग कायमचं जातं. हे मला खुशीनं सहज सांगितलं, तिचा एक फोटो हरवला होता तेव्हा. त्या दिवसापासून मी रोज जाऊन पाहायची. खाली लिहिलेलं असायचं, इतके दिवस बाकी. मला काही करायचं नव्हतं, रुपी. नुसतं गप्प राहिलं असतं तरी ते आपोआप संपलं असतं. मग मी सलूनमध्ये कशाला गेले, सभेत कशाला विचारलं, तुला वळांचं कशाला विचारलं? वाटायचं, कुठूनतरी असं काही कळेल की माझ्या पोराचा दोष लहान होईल. जिथं गेले तिथं तो मोठाच होत गेला.

शनिवारी सकाळी नयनला पेज दिली आणि व्हिडिओ परत आणून त्याच्यासमोर धरला.

"हे तू केलं?"

"सगळेच करतात."

"विक्कीलेच काहून?"

"आमच्या रीलवर हसनारा चेहरा टाकला त्यानं. ग्रुपवाले म्हने, तुया अंगणवाडीतला आहे, तूच मार. नसतं मारलं तं मलेच मारलं असतं."

"अन् त्याच्या मायचं नाव घ्यायलेही त्याइनंच सांगतलं?"

त्यानं पेजेची वाटी बाजूला सरकवली. मग भिंतीकडेच पाहत म्हणाला, "नाही. ते मीच म्हन्लं."

"तेच काम मी करते ना रे, नयन."

"म्हनूनच. मलेबी तेच म्हनून चिडवत होते. विक्कीच्या तोंडून निघालं की माह्यावरचं जाईन, असं वाटलं."

मी त्याला मारलं नाही. पोटाला टाके आहेत. त्याच्या पायाशी बसले आणि रडले, आणि तोही रडला, पण कोणासाठी ते विचारलं नाही.

श्रावणला सांगितलं. ते संतापले. "पोरगा मरता मरता वाचला, अन् तू त्यालेच आरोपी करून राह्यली? गाव थुंकन आपल्यावर." मी म्हटलं, गाव आत्ता रुपीवर थुंकून राह्यलं ना. ते घराबाहेर निघून गेले.

आज सकाळी मी नयनचा फोन घेऊन बाल न्याय मंडळात गेले. तिथल्या एका मॅडमनं सगळं लिहून घेतलं, तीनदा विचारलं, "तुम्ही पीडिताच्याच आई ना?" मी हो म्हणाले. व्हिडिओ मी पुसला होता, हेही सांगितलं. आता नयनवरही नोंद होईल, बरा झाला की त्यालाही हजर करावं लागेल. विक्कीचं प्रकरण यानं मिटणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. त्यानं सुरी चालवली ती चालवलीच, आणि मीही ते माफ केलेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण तो दोन वर्षांचा गुंड नव्हता, हे आता कागदावर आहे. बबनरावनंही जबाब द्यायचं कबूल केलं आहे.

परत निघाले तर फाटकाबाहेर श्रावण मोटारसायकल घेऊन उभे होते. आत आले नाहीत, गाडीला किक मारली. मी मागे बसले.

दुपारपर्यंत बातमी पसरली. पुंडलिकरावांचा माणूस येऊन शाल परत मागून गेला, खरंच मागून गेला. गल्लीत दोन बायांनी तोंड फिरवलं. बाकीच्यांचं अजून ठरायचं आहे. तुझ्या घराच्या पत्र्याचं मी कोणाकडे तरी बोलले आहे, बसवून होतील. ते माफीसाठी नाही. पाणी गळतं म्हणून.

२९ तारखेला अकरा वाजता विक्कीची पुढची तारीख आहे. तू येशीलच. मीही येणार आहे, मॅडमनं बोलावलं आहे. तू बोलली नाहीस तरी चालेल, मी दूर उभी राहीन. पण मॅडम म्हणत होत्या, दोन्ही पोरं तयार असतील तर कधी एकमेकांसमोर बसवून बोलतं करता येतं. तेव्हापासून एकच विचार करते आहे. बसवलं, तर आधी कोण बोलेल, आणि काय? तीन वर्षांचे असल्यापासून दोघांना ओळखते, तरी मला सांगता येत नाही. तुला येतं का?

ज्यानं तुझ्या विक्कीला मारलं आणि तुझं नाव घेतलं, त्या नयनची आई,
सत्यशीला