अनघाच्या वाटचा रोट

२६ जुलै, शनिवार. जळगाव
नोराचा मेल आला. मंगळवारी सकाळी पोचते. ही मूळची आयर्लंडची. कोरियात आमची लेक अनघा शिकवायची त्याच शाळेत इंग्रजी शिकवते. तेथील उन्हाळ्याच्या सुट्टीतले नऊ दिवस या वेळी आमच्याकडे घालवणार. अनघाची एक पेटी वर्षभर नोराच्या खोलीत आहे, तीही आणणार.

अनघाचे वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झाले. सौ.ने तिची खोली सकाळपासून तीनदा झाडली.

मला नोराला एकच गोष्ट विचारायची आहे. येथे लिहून ठेवतो, म्हणजे टाळता येणार नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये मी अनघाला मेल पाठवला होता. मुद्दे चार. चौथा असा: ‘या कानबाईच्या सणाला येऊन मुलगा पाहणार नसशील, तर यापुढे घरी येण्याचे प्रयोजन नाही.’ उत्तर आले नाही. सुट्टी लागताच ती सोबतच्या शिक्षिकांबरोबर समुद्रातल्या एका बेटावर गेली. पावसात भाड्याची स्कूटर घसरली.

माझ्या मेलमुळे गेली का?

सौ.ला मेलबद्दल ठाऊक नाही.

२९ जुलै, मंगळवार
गाडी पन्नास मिनिटे उशिरा. नोरा उंच, तिशीची, खांद्यावर सॅक, हातात पेटी. पेटी मला उचलू दिली नाही.

नऊ दिवसांचे वेळापत्रक मी छापून ठेवले होते, तिला दिले. सौ. म्हणाली, “पाहुणी आहे हो ती, तपासणीला नाही आलेली.”

घरात शिरताना नोराने बूट काढून टाचा भिंतीकडे करून नीट लावले. तिथल्या शाळेतही दारातच बूट काढून सपाता घालतात म्हणे. अनघाने पत्करलेली पहिली शिस्त ती. इथे तिची चप्पल कधी जोडीने सापडली नाही.

३१ जुलै, गुरुवार
विचारले नाही.

सौ. व नोरा दुपारभर स्वयंपाकघरात. सौ.चे इंग्रजी वीस-पंचवीस शब्दांचे, तरी बोलणे थांबत नाही. मी दुभाषा. कळले ते असे: दुपारी शाळेतच जेवण, कप्प्यांच्या स्टीलच्या ताटात, मुलांबरोबर. पोरे अनघाला ‘अना टीचर’ म्हणत. संध्याकाळी नदीकाठाने फिरणे. रविवारी बाजार. तिथली वांगी बोटाएवढी बारीक. तरी हिने सात-आठ एकदम भाजून भरीत केले आणि खोलीतला धुराचा भोंगा वाजला. अख्खी इमारत खाली रस्त्यावर. ही हातात वांगे घेऊन उभी.

सौ. हसली. वर्षात पहिल्यांदा. मग उठून मोरीत गेली, नळ बराच वेळ चालू होता.

पेटी अद्याप उघडलेली नाही. सौ. म्हणते, घाई नाही.

२ ऑगस्ट, शनिवार. धुळे
एरंडोल, पारोळा मार्गे एसटीने. नोराला खिडकी दिली. रस्त्याकडे न पाहता सर्व वेळ समोरच्या सीटची दांडी धरून होती. मला काहीतरी विचारायचे आहे हे तिला कळले असावे, किंवा तिलाच काही सांगायचे असावे. दोघेही कापसाच्या शेतांवर बोललो.

कानबाई, म्हणजे आमची खानदेशची श्रावणातली देवी, आबांकडे बसते. आबा म्हणजे माझे थोरले बंधू. गेल्या वर्षी सुतकामुळे बसली नव्हती. या वर्षीच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू काढून झाले होते: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावे सव्वा मूठ. मी विचारून खात्री केली.

४ ऑगस्ट, सोमवार
आज माझ्या हातून घडले ते क्रमाने लिहितो.

सकाळी कानबाईचे विसर्जन. नोरा बायकांत फुगडी खेळली, पडली, हसली. परत आल्यावर पंगत. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही. उरला तर पुरतात, पण परक्याला देत नाहीत. वाढणारीने नोराच्या ताटात रोट ठेवला. मी तिला इंग्रजीत सांगितले, हा फक्त कुटुंबातल्यांसाठी असतो. स्वर नेहमीचा, माहिती देण्याचा.

तिने हात मागे घेतला. “सॉरी, सर.” ताट किंचित पुढे सरकवले.

आबा ओरडले, “काय सांगं रे तू तिले? खाऊ दे ना भो! इथं बी वही लिसन बठना का?”

मी म्हटले, “वही घेऊन नाही बसलो, आबा, नियम तुमचेच आहेत.”

तेवढ्यात सौ. वाढणाऱ्यांतून आली. ताट पुन्हा नोराजवळ सरकवले, रोट मोडून खिरीत घातला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “लग्न न झालेली मुलगी घरातलीच धरतात ना? मग हा अनघाच्या वाटचा आहे. तिच्या वाटचं कोणी खावं ते मी ठरवीन.”

आबांनी मान खाली घातली. नोराला शब्द कळले नसावेत, पण ती खात होती आणि रडत होती. मी पाणी मागितले.

नियम चुकीचा सांगितला नव्हता. तरी…

६ ऑगस्ट, बुधवार. जळगाव
नोरा गेली. सौ.ने घरूनच निरोप घेतला. स्टेशनवर मी एकटा.

गाडी फलाटाला लागल्यावर विचारले. वाक्य इंग्रजीत आधी पाठ केले होते: माझा मेल तिला मिळाला होता का, आणि त्यामुळे ती बेटावर गेली का.

नोराने सॅक खाली ठेवली. ती म्हणाली, मिळाला. स्टाफरूममध्ये अनघाने तो दोनदा वाचला. दुसऱ्याच दिवशी उपमुख्याध्यापकांकडे जाऊन सुट्टी बदलून मागितली. सुट्टीतल्या इंग्रजी शिबिराची कामे आधीच वाटलेली होती, बदल झाला नाही. हाती तीन दिवस उरले. तीन दिवसांत जळगाव होत नाही.

“मग मला तसे कळवले का नाही?”

“ती मराठीत लिहीत होती. रोज थोडे. म्हणायची, बाबांना घाईत लिहिलेले चालत नाही.”

मग नोरा म्हणाली, “सर, बेटावर जाऊ या असे मी म्हटले होते. ती नको म्हणत होती. स्कूटरसुद्धा मीच ठरवली. हे सांगायलाच आले. रोज सकाळी वाटायचे, आज सांगेन.”

गाडी हलली. तिला डब्यात चढवले, सॅक दिली. तुझा दोष नाही, एवढे म्हणायला हवे होते. इंग्रजीतही ते सोपे आहे. मी म्हटले, पाण्याची बाटली सांभाळ.

७ ऑगस्ट, गुरुवार
सौ.ला सांगितले. सगळे, चौथ्या मुद्द्यासह. ती गवार निवडत होती. म्हणाली, “दाखवा.” मेल उघडून दिला. चष्मा लावून सावकाश वाचला.

“मुलगा बघायला सांगा, हे मीच म्हटलं होतं. येऊ नको म्हणायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

जेवण तिने वेळेवर वाढले.

८ ऑगस्ट, शुक्रवार
पेटी सौ.ने एकटीने उघडली. दार आतून लावून. अर्धवट पत्र त्यात आहे की नाही, मला कळले नाही. दाराबाहेर उभा होतो. विचारण्याचा हक्क आहे असे वाटले नाही.

नोराचा पोचल्याचा मेल: शिबिर सोमवारपासून, या वेळी अनघाचा वर्गही तिच्याकडे. उत्तराला तीनदा बसलो. प्रत्येक वेळी मुद्दे पडू लागतात.

१० ऑगस्ट, रविवार
सौ. सकाळच्या एसटीने धुळ्याला गेली. म्हणाली, वहिनींकडे थोडे राहून येते. मी स्टँडवर सोडायला गेलो, जागा मिळवून दिली. पिशवीत चार साड्या, आणि पेटीतला, अनघाच्या अक्षरातला एक कागदांचा गठ्ठा, दोऱ्याने बांधलेला.

बस वळेपर्यंत उभा होतो. परत कधी येणार ते तिने सांगितले नाही. मी विचारले नाही.