गुलगुल्याले अकरा मार्क

शिरपूर जैन

चिरंजीव पुंजाजीस तुळसाबाईचा आशीर्वाद. तुझं बीपी, तुझ्या बायकोचा दमा अन् तुमच्या धनज गावचा पाऊस, तिन्हीची खबर कळव. माझं विचारशील तर जीव आहे, त्यात ताकद नाही. फोन सोडून कागद लिहून राह्यली, कारण फोनवर तू मधातच बोलतो अन् मंग बहिणीचं काही ऐकून घेत नाही.

माझी नात निकिता कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, हे तुले माहीत आहे. नोकरी पक्की नाही, तासावरची आहे. यंदा बी.ए.च्या पहिल्या वर्षाले हा विषय घेणारी पोरंच कमी. पट भरला नाही तर विषय बंद, अन् विषय बंद झाला तर निकिता घरी. घरी म्हणजे माझ्यापुढे. आत्ताच रोज संध्याकाळी उद्याचा धडा ती मलेच शिकवते (बाकीचे उठून जातात, मले गुडघ्यामुळे चटकन उठता येत नाही). मी तूर निवडत बसते अन् ती "इतर परिस्थिती कायम असताना" म्हणून सुरू होते. त्या अर्थशास्त्रवाल्याईचा एकेक नियम इथूनच निघतो. या घरात परिस्थिती कायम राह्यलेली मी पाह्यली नाही. नळ येतो, लाइन जाते, म्हैस सुटते. तिले तसं म्हटलं तर म्हणते, "आजी, ते धरून चालायचं असतं." धरा बाप्पा. मी थकली.

तर मागच्या आठवड्यात प्राचार्य म्हणाले, मी तुमच्या वर्गात येऊन बसतो, मंग या विषयाचं काय ते ठरवू. पोरीची झोप उडाली, म्हणजे माझीही. तिनं धडा निवडला तो असा, की एखादी वस्तू पहिल्यांदा खाल्ली तर लय गोड लागते, दुसरी त्याहून कमी, तिसरी आणखी कमी. याले ते घटती सीमांत उपयोगिता म्हणतात. (एवढं मोठं नाव. आपण त्याले पोट भरणं म्हणतो.) पोराईले वर्गातच खाऊ घालायचं, दर खेपेले दहापैकी मार्क विचारायचे अन् फळ्यावर खाली उतरणारी रेघ काढून दाखवायची. खायले गुलगुले ठरले. तळले कोणी ते विचारू नको. डबा जड, ऑटोत सांडला असता, म्हणून मी संग गेली. "आजी, मागच्या बाकावर बसजो अन् काही बोलू नको," एवढं निकितानं रस्ताभर बजावलं.

वर्गात पोरं थोडीच, बाकीची वावरात तण काढायले, डवरणीले गेलेली. प्राचार्य खिडकीजवळ बसले. निकिता पोराईच्या हातावर एकेक गुलगुला ठेवू लागली, दवाखान्यात गोळी देतात तसा. पुंजाजी, तूच सांग, समोर पोरं खायले बसली असताना मी मागच्या बाकावर कशी बसू? उठली, डबा घेतला अन् वाढत सुटली.

यापुढं त्या नियमाचं जे झालं त्यात माझा दोष नाही. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा बादल म्हणून एक पोरगा आहे. त्याले निकितानं विचारलं, चौथ्याले किती मार्क? त्यानं माझ्याकडे पाह्यलं, म्हणे, "अकरा." निकिता म्हणे, अरे दहापैकी. तो म्हणे, "मॅडम, आजी इथंच उभ्या आहेत ना." वाढणारीच्या तोंडावर, आता पहिल्यासारखं लागत नाही, असं कोण म्हणेल? वैष्णवी म्हणून एक पोरगी तेवढी म्हणाली, "सहा." मी फक्त विचारलं, "काय कमी पडलं व माय, गूळ का वेलची?" पोरगी लाल झाली. सहाचे दहा केले अन् वर एक गुलगुला मागून घेतला. फळ्यावरची रेघ उतरायची सोडून चढत चढत वरच्या कडेले लागली. निकिता मले डोळ्यानं खुणावून राह्यली. मले वाटलं, प्राचार्यांचा हात रिकामा आहे. त्याईले वाढलं. नको नको म्हणाले, म्हणून आणखी दोन टाकले. (साखरेची गोळी चालू आहे म्हणे. गुलगुल्यात साखर नसते, गूळ असतो, हे समजावून सांगितलं.) शेवटी पोरीनं रडक्या तोंडानं त्याईलेच विचारलं, "सर, तुम्ही तरी खरं सांगा, शेवटचा कसा लागला?" सरांनी रुमालानं तोंड पुसलं, माझ्याकडे पाह्यलं अन् म्हणाले, "सर्वांत छान."

निकितानं फळा पुसून टाकला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. संध्याकाळचे धडेही बंद आहेत, तेवढाच मले आराम. प्राचार्य मात्र जाताना म्हणाले, पोरगी शिकवते चांगली, पण पटावर अजून एक नाव पाहिजे. सोमवारपर्यंत मिळालं तर विषय राहील, नाहीतर माझा इलाज नाही.

हात दुखून राह्यला, आता पुरं करते. घरी सर्वाईले आशीर्वाद.

तुझी बहीण,
तुळसाबाई

ता. क. : तू बारावी पास आहेस. कारकुनाले विचारलं, बी.ए.ले वयाची अट नाही म्हणे. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला अन् दोन फोटो घेऊन सोमवारी सकाळच्या गाडीनं येजो. मधल्या वर्षांत काय केलं याचं गॅप सर्टिफिकेटही लागते. तुझी चाळीसच्या वर आहेत, मोठा कागद आणजो. तुले खेळवायले मले तिसरीतून काढलं होतं, हे मी ऐकवत नाही, फक्त लिहिलं.

आणखी एक : विचार करायले वेळ मागू नको, तुझं नाव मी देऊन आली. घरी निकिता तुले आबा म्हणेल, वर्गात तू तिले मॅडम म्हणजो.